जागा बरोबर, खोली चूक : सत्तर अंशाच्या प्रोबचं उन्हाळी दुखणं

लक्षण असं. यूटीत, म्हणजे वेल्डच्या अल्ट्रासॉनिक तपासणीत, डिफेक्ट सापडतो, रिपोर्टात खोली लिहून जाते, वेल्डर तेवढं गॉजिंग करतो, म्हणजे वेल्ड खोदतो, आणि आत काहीच नसतं. डीपी, म्हणजे भेगा दाखवणारा रंग, मारली तरी स्वच्छ. खड्डा भरतात, घासतात, आपण पुन्हा प्रोब (आवाजाची लहर सोडणारा आणि पकडणारा ठोकळा) फिरवतो, तर तोच इको, परतलेला आवाज, त्याच जागी उभा. दुसऱ्या रिपेअरनंतर वेल्डर आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, ती या धंद्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी झेललेली आहे.

मी झेलली नागपूरजवळच्या बुटीबोरीत, मे महिन्यात. वीस मिलिमीटरची प्लेट, सिंगल व्ही बट वेल्ड (व्ही आकाराची खाच एका बाजूने भरलेली), बेव्हलचा, म्हणजे खाचेच्या तिरक्या कडांचा, एकूण कोन साठ अंश. प्रोब सत्तर अंशाचा, चार मेगाहर्ट्झचा, छोट्या क्रिस्टलचा. दुपारी दीडच्या सुमारास एक ठळक इको मिळाला : बीम पाथ, म्हणजे लहरीचा तिरका रस्ता, ७८ मिलिमीटर, मशीनने दाखवलेली खोली १३.३, दुसऱ्या लेगमध्ये, म्हणजे बीम तळाला आपटून वर येताना. खडूने खूण केली, रिपोर्ट दिला. वेल्डरने वरून १५ मिलिमीटरपर्यंत खोदलं. काही नाही. भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच इको. या वेळी तो १६ पर्यंत गेला. तरी काही नाही.

"साहेब, सोळा एमएम खोदलं जी, काही बी निघून नाही राह्यलं," तो म्हणाला. आणि मग हेल्परकडे बघून, मला ऐकू जाईल अशा बेताने, "मशीनला ऊन लागलं वाटते."

तो गमतीत बोलला होता. पण निदान त्याचंच बरोबर होतं, हे कळायला मला आणखी एक दिवस लागला.

आधी एक गोष्ट स्वतःशी कबूल करायला हवी, कारण नव्या डिजिटल मशीनमुळे ती विसरायला होते. स्क्रीनवर खोलीचा आकडा दिसतो म्हणून मशीन खोली मोजतं असं वाटतं. मशीन फक्त वेळ मोजतं. आवाज गेला आणि परत आला, मध्ये इतके मायक्रोसेकंद लागले, बस. वेळेला वेगाने गुणून बीम पाथ निघतो. त्यापुढचं सगळं त्रिकोणमिती आहे आणि त्या त्रिकोणाच्या बाजू आपण सांगितलेल्या असतात : प्रोबचा कोन, एक्झिट पॉइंट (बीम प्रोबमधून बाहेर पडतो ती जागा), प्लेटची जाडी. आपण खोटं सांगितलं तर मशीन अगदी प्रामाणिकपणे खोटं उत्तर देतं, तेही दशांशासकट.

गणित सोपं आहे. बीम पाथ गुणिले कोनाचा साइन म्हणजे प्रोबच्या एक्झिट पॉइंटपासून डिफेक्टपर्यंतचं आडवं अंतर. बीम पाथ गुणिले कोसाइन म्हणजे उभी खोली. ही उभी खोली प्लेटच्या जाडीपेक्षा जास्त निघाली तर बीम तळाला आपटून वर येतोय, म्हणजे दुसरा लेग. तिथे खोली काढायची ती दुप्पट जाडीतून हा आकडा वजा करून. माझ्या इकोसाठी : ७८ गुणिले ०.३४२ म्हणजे २६.७, चाळीसमधून वजा केले की १३.३. मशीनही हेच सांगत होतं. हिशेबात चूक नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गेलो. ऊन चढायच्या आत उरलेले जॉइंट उरकावे, एवढाच हेतू होता. जाता जाता तो बदनाम इको पुन्हा पकडला आणि प्रोब जिथे थांबला तिथे मार्करने रेघ मारली. शेजारीच आदल्या दुपारची रेघ होती. दोन रेघांमध्ये बारा मिलिमीटरचं अंतर. डिफेक्ट तोच, प्रोब तोच, प्लेट तीच, आणि तो सर्वात ठळक दिसण्यासाठी आज प्रोब वेल्डच्या बारा मिलिमीटर जवळ न्यावा लागत होता. बीम पाथ ६६.७. खोली : ४० वजा २२.८, म्हणजे १७.२.

वेल्डर सोळापर्यंत पोचला होता. स्लॅग, म्हणजे वेल्डात अडकलेला मळ, त्याच्या खाली जेमतेम एक मिलिमीटर.

आता हे का होतं ते नीट बघू, कारण इथेच खरी गोम आहे.

प्रोबच्या खाली जी पारदर्शक वेज (पाचरीसारखा तुकडा) असते ती बहुतेक वेळा पर्स्पेक्सची, म्हणजे ॲक्रिलिकची. तिच्यातून लाँगिट्यूडिनल लहर (कण पुढे-मागे हलवणारी) तिरकी येते आणि पोलादात शिरताना वाकून शिअर लहर (कण आडवे हलवणारी) होते. किती वाकायचं हे स्नेलचा नियम ठरवतो : दोन्हीकडच्या कोनांच्या साइनचं गुणोत्तर म्हणजे दोन्हीकडच्या वेगांचं गुणोत्तर. पर्स्पेक्समध्ये वेग साधारण २७३० मीटर प्रति सेकंद, पोलादात शिअरचा साधारण ३२४०. म्हणून सत्तर अंशाच्या प्रोबची वेज आतून सुमारे बावन्न अंशांवर कापलेली असते. प्रोबवर छापलेला ७० हा आकडा म्हणजे या तीन गोष्टींचं मिळून आलेलं उत्तर आहे : वेजचा कोन, वेजमधला वेग, पोलादातला वेग. तिघांतलं एक हललं की सत्तर हलले.

आणि पर्स्पेक्स तापलं की त्यातला वेग चांगलाच उतरतो, दर अंश सेल्सिअसला साधारण अडीच मीटर प्रति सेकंद. पोलादही थोडं मंदावतं, पण त्या मानाने किरकोळ. वेजचा वेग कमी झाला की गुणोत्तर वाढतं, बीम जास्त वाकतो आणि पृष्ठभागाच्या जवळ झोपतो. मी कॅलिब्रेशन, म्हणजे ठरलेल्या मापाच्या ब्लॉकवर मशीन जुळवणं, केलं होतं कंटेनरमधल्या ऑफिसात, एसीखाली, सव्वीस अंशांत. जॉब उघड्या यार्डात. नागपूरचा मे म्हणजे हवेचा पारा पंचेचाळीसच्या घरात. उन्हात पडलेल्या काळपट प्लेटवर टेकवायचं थर्मामीटर ठेवलं तर ५६ दाखवत होतं. त्या प्लेटवर वीस मिनिटं फिरलेली वेज सहज पन्नास गाठते. म्हणजे कॅलिब्रेशन आणि काम यांत पंचवीस अंशांचा फरक.

हिशेब करून बघा. एवढ्या फरकाने पंचेचाळीसचा प्रोब शेहेचाळीस होतो. साठचा जवळपास बासष्ट होतो. सत्तरचा त्र्याहत्तर होतो. जेवढा कोन मोठा तेवढा घसरण्याचा वेगही मोठा, कारण नव्वदकडे जाताना साइन जवळजवळ सपाट होतो. त्यात थोडी वाढ करायची तर कोनाला बरंच पळावं लागतं.

आणि नेमकं हेच उलट बाजूने खोलीत चावतं. सत्तर ते त्र्याहत्तर या प्रवासात साइन बदलतो ०.९४० पासून ०.९५६ पर्यंत, म्हणजे दोन टक्केही नाही. कोसाइन मात्र ०.३४२ वरून ०.२९२ वर येतो, पंधरा टक्के कमी. आडवं अंतर साइनवर चालतं, खोली कोसाइनवर. माझ्या ७८ मिलिमीटरच्या इकोत आडवं अंतर ७३.३ ऐवजी खरं ७४.६ होतं, फरक सव्वा मिलिमीटर. तेवढा तर पट्टीने मोजतानाही होतो. खोलीत मात्र १३.३ ऐवजी १७.२.

म्हणून जागा बरोबर येते आणि खोली चुकते. म्हणूनच आपण फसतो : वेल्डवरची खूण नेमकी बसते, रूटच्या, म्हणजे वेल्डच्या तळाच्या, रेषेशी जुळते, मग आपला विश्वास बसतो की बाकीचंही बरोबर असणार.

(कोणी विचारेल, प्रोबचा झीरोही, म्हणजे वेळ मोजायची सुरुवात, सरकत असेल ना? सरकतो. पण वेजमधला रस्ता दहा-बारा मिलिमीटरचा. तो दोन-अडीच टक्क्यांनी लांबला तर पोलादाच्या हिशेबात पाव-तीन दशांश मिलिमीटर. त्यावर डोकं खर्च करू नका.)

यावर उपाय काय, तर पहिला उपाय फुकटचा : कॅलिब्रेशन ब्लॉक जॉबवर न्या. खरोखर प्लेटवर ठेवा, त्याच उन्हात किंवा त्याच सावलीत, अर्धा तास. व्ही-वन ब्लॉक पंचवीस मिलिमीटर जाड आणि वजनाला चांगला पाच किलोच्या आसपास. त्याला तापायला वेळ लागतो आणि उचलून नेण्याचा कंटाळा येतो, म्हणून तो ऑफिसच्या कपाटात राहतो. मी आता व्ही-टू सोबत ठेवतो. २५ आणि ५० च्या त्रिज्या असलेला तो छोटा तुकडा खिशात मावतो. फक्त त्यावर इको कसे येतात हे पाठ असू द्या : पंचवीसच्या त्रिज्येकडे तोंड केलं तर २५, १००, १७५, पन्नासकडे केलं तर ५०, १२५, २००. नवीन मुलं इथे ५०, १००, १५० समजून रेंज लावतात आणि दिवसभराचं काम वाया घालवतात.

एएसएमई या अमेरिकी कोडच्या सेक्शन फाइव्हमध्ये याची मर्यादा लिहिलेली आहे : ब्लॉक आणि जॉब यांच्या तापमानात १४ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक नको. प्रोसिजरमध्ये हे वाक्य असतंच, त्याखाली आपली सहीही असते. डिसेंबरात ते वाचलं काय, न वाचलं काय, सारखंच. मे महिन्यात वाचा.

पण ब्लॉक नेणं शक्यच नसेल, उंच मचाणावर असाल, तर एक झटपट तपासणी आहे, जी मला फार आवडते. प्लेटची सरळ कापलेली, काटकोनातली कड कुठे तरी मोकळी असतेच. तिच्याकडे तोंड करून प्रोब मागे-पुढे करा. तळाचा कोपरा सर्वात उंच इको देईल तेव्हा प्रोबच्या नाकाला रेघ मारा. आणखी मागे या. वरचा कोपरा मिळेल, तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे जाडी गुणिले कोनाचा टॅन. एक्झिट पॉइंट कुठे आहे याची गरजच नाही, वजाबाकीत तो उडून जातो. वीसच्या प्लेटवर सत्तरचा प्रोब असेल तर ५५ मिलिमीटर यायला हवं. त्र्याहत्तर झाला असेल तर ६५. दहा मिलिमीटरचा फरक मोजायला स्टीलची पट्टी पुरते, मशीनचा हिशेब लागत नाही.

एक सावधगिरी : कोपरा सगळ्या कोनांना सारखा परतवत नाही, त्यामुळे त्याचा शिखर-इको खऱ्या कोनापासून थोडा इकडेतिकडे असू शकतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा मोजून बदल पकडायला ही युक्ती उत्तम. रिपोर्टात लिहायचा कोन मात्र ब्लॉकवरच्या भोकावरूनच काढा.

कोन बदललेला सापडला तर? मशीनमध्ये खरा कोन भरा. ७३ आला तर ७३ टाका, लाजायचं काही कारण नाही. मी बघितलंय, लोक कोन मोजतात, ७२ येतो, आणि "प्रोबवर तर सत्तर लिहिलंय" म्हणून सत्तरच ठेवतात. प्रोबवर लिहिलेलं ते त्याचं नाव आहे, वय नाही. आणि एक करू नका : वेजवर थंड पाणी ओतणं. एका यार्डात मी हा प्रकार पाहिला. वेजच्या एका बाजूला चाळीस, दुसऱ्या बाजूला पन्नास झालं की आत बीम कुठल्या दिशेला वाकेल याचा हिशेब कोणाच्याच हातात राहत नाही. त्यापेक्षा छत्री धरा, ओलं पोतं प्लेटवर टाकून प्लेट आधीच निववा, किंवा सरळ सहा ते नऊ काम करा आणि मग तर्री पोहे खायला जा.

उन्हाळा नसतानाही हेच लक्षण दिसलं तर मी पहिल्यांदा वेज उलटी करून बघतो. खरबरीत प्लेटवर, स्पॅटर, म्हणजे उडालेले वेल्डचे थेंब, नीट न काढलेल्या पट्ट्यावर प्रोब घासला जातो आणि वेज असमान झिजते. हात पुढे दाबायची सवय असेल तर नाक झिजतं, प्रोब पुढे झुकतो, बीम उभा होतो, कोन कमी होतो. टाच झिजली तर उलट, कोन वाढतो. वेज एक अंशाने कलली की सत्तरच्या प्रोबचा पोलादातला कोन दोन अंशांहून जास्त हलतो. बाहेरचं थोडं, आत दुप्पट. काचेच्या तुकड्यावर ठेवून टोचून बघा. डुलला तर समजा. झिजेने एक्झिट पॉइंटही सरकतो आणि तो सरकला की ती चूक जशीच्या तशी आडव्या अंतरात येते. म्हणजे ओळख सोपी : फक्त खोली चुकत असेल तर कोनावर संशय घ्या, सगळ्या खुणा एकाच बाजूला दोन मिलिमीटर सरकल्या असतील तर एक्झिट पॉइंटवर.

जाडीची चूक वेगळी दिसते. पहिल्या लेगमधले आकडे बरोबर, दुसऱ्या लेगमधले चूक. कारण दुसऱ्या लेगच्या हिशेबात जाडी दुप्पट होऊन येते. ड्रॉइंगवर वीस आहे म्हणून वीस टाकले आणि प्लेट प्रत्यक्षात १९.२ असली, तर प्रत्येक खोलीत १.६ मिलिमीटरची भर. डी-मीटर (जाडी मोजायचं यंत्र) किंवा सरळ खाली बघणारा साधा नॉर्मल प्रोब घेऊन वेल्डच्या दोन्ही बाजूंना जाडी मोजायला दोन मिनिटं लागतात. दोन्ही बाजूंना म्हणतोय, कारण दोन वेगळ्या हीटच्या, म्हणजे वेगळ्या वितळणीच्या, प्लेटा जोडल्या असतील तर जाडीही वेगळी असू शकते, आणि वेगही. थर्मोमेकॅनिकल रोलिंग केलेल्या प्लेटांत तर रोलिंगच्या दिशेने आणि आडव्या दिशेने शिअरचा वेग वेगळा असतो. एकाच प्लेटवर प्रोब काटकोनात फिरवला की कोन बदललेला दिसतो. अशा वेळी वेज निर्दोष असते, तिला दोष देऊ नका.

आता उलट तक्रार : डिफेक्ट नसताना दिसतो. यातले निम्मे रूटचे असतात.

वीसच्या प्लेटवर सत्तरच्या प्रोबला रूट दिसायचं ते ५८.५ बीम पाथवर. तळाखाली दोन मिलिमीटर पेनिट्रेशन, म्हणजे वेल्डचा धातू, उतरलेलं असेल तर ६४ च्या जवळ. म्हणजे चांगल्या, भरदार रूटचा इको जाडीच्या थोडा पलीकडे पडतो आणि मशीनला हे माहीत नसल्याने ते त्याला दुसऱ्या लेगमध्ये वळवून प्लेटच्या आत, तळापासून दोन मिलिमीटर वर दाखवतं. अहवालात लिहिलं जातं : लॅक ऑफ फ्यूजन, म्हणजे धातू न जुळल्याचा दोष. वरून त्यात तापलेल्या वेजची भर घातली तर सपाट, निर्दोष रूटही ६८ वर येतं आणि मशीन म्हणतं १६.६ खोलीवर सलग दोष आहे. वेल्डच्या पूर्ण लांबीभर, एकाच खोलीवर, एकसारखा इको दिसला तर वेल्डरला बोलावण्याआधी थांबा. माणसाच्या हातून इतकी शिस्तबद्ध चूक होत नाही.

खात्रीसाठी दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि वेल्डचा आडवा छेद पूर्ण मापात कागदावर काढा. मापात म्हणजे मापात, अंदाजाने नाही. बाहेर आलेल्या बीडचा इको बहुतेक वेळा तिच्या पलीकडच्या उतारावरून येतो, म्हणून डावीकडून बघितलं तर खूण मध्यरेषेच्या उजवीकडे पडते आणि उजवीकडून बघितलं तर डावीकडे. दोन खुणा एकमेकींना ओलांडून जातात. रूट न जुळलेलं असेल तर खूण प्रोबच्या अलीकडच्या कडेवर, नेमकी जाडीएवढ्या खोलीवर बसते, दोन्ही बाजूंनी आपापल्या कडेवर. कागदावर हा फरक एका नजरेत कळतो. स्क्रीनवर तासभर बघूनही कळत नाही.

कॅपचा, म्हणजे वेल्डच्या वरच्या फुगवट्याचा, इको त्यापेक्षा साधा. फुल स्किपच्या (बीम तळाला आपटून पुन्हा वर पोचतो त्या अंतराच्या) आसपास काही आलं की बोटाला कप्लंट, म्हणजे प्रोबखाली लावायचं तेल किंवा खळ, लावून कॅपवर टेकवायचं, हलकेच दाबायचं. इको खाली वाकला तर तो कॅपच. उन्हाळ्यात यातही एक मेख आहे : सत्तरचा त्र्याहत्तर झाला की बीमची वरची कड पृष्ठभागाला लागते आणि थोडी ऊर्जा पृष्ठभागावरूनच सरपटत जाते. ती वेल्डच्या कडेला, टोला, आपटून परत येते. हिशेबात कुठेच न बसणारा, डीएसीच्या, म्हणजे स्क्रीनवर आखलेल्या मर्यादेच्या वक्ररेषेच्या, वर उभा राहणारा इको. इथे कॅपवर बोट ठेवून बघाल तर नीट उत्तर मिळणार नाही. प्रोब आणि वेल्ड यांच्या मधल्या प्लेटवर बोट टेकवा. तिथे दाबल्यावर पडला तर पृष्ठभागाची लहर, पोटातला दोष नाही. तापल्यावर तेल पातळ होऊन प्रोबपुढे ओघळतं, त्या थारोळ्यातूनही असंच भूत दिसतं. फडक्याने पुसा, जातं. उन्हाळ्यात मी तेल सोडून घट्ट सीएमसीची (सेल्युलोजच्या पावडरची) खळ वापरतो, निदान ती जागेवर राहते.

सत्तरच का वापरतात, साठने काम भागत नाही का, हा प्रश्न साइटवर हमखास येतो. वीसच्या प्लेटला कॅपची निम्मी रुंदी चौदा मिलिमीटर धरा, प्रोबच्या नाकापासून एक्झिट पॉइंट दहा-अकरा. म्हणजे मध्यरेषेपासून पंचवीसच्या आत प्रोब येऊच शकत नाही. पंचेचाळीसचा हाफ स्किप, म्हणजे तळाला लागेपर्यंतचं आडवं अंतर, वीस, त्यामुळे पहिल्या लेगमध्ये तो रूटपर्यंत पोचतच नाही. साठचा ३४.६, आरामात पोचतो. सत्तरचा ५५. पातळ प्लेटांत सत्तर लागतोच. वीसमध्ये तो सवयीने लागतो. खोलीवर वाद झाला की मी साठने मोजतो. त्याच पंचवीस अंशांच्या तापमानफरकाने साठच्या प्रोबची खोली सहा टक्के हलते, सत्तरची पंधरा टक्के. शिवाय साठ अंशांच्या एकूण कोनाचा व्ही म्हणजे प्रत्येक बेव्हल उभ्या रेषेपासून तीस अंश कललेलं. साठचा बीम दुसऱ्या लेगमध्ये खालून वर येताना अलीकडच्या बेव्हलवर बरोबर काटकोनात आपटतो. साइडवॉल लॅक ऑफ फ्यूजन असेल तर आरशासारखा परततो.

साठची खोड मात्र लक्षात ठेवा : तळाला उभा फुटलेला क्रॅक असेल तर साठचा शिअर बीम त्याच्या उभ्या भिंतीवर तीस अंशांनी पडतो, आणि तिथे बरीचशी ऊर्जा लाँगिट्यूडिनल होऊन भलतीकडे निघून जाते. कोपरा असूनही इको केविलवाणा. रूट क्रॅकच्या संशयाला पंचेचाळीस किंवा सत्तर.

कोराडी-खापरखेड्याकडची पायपिंगची कामं करणाऱ्यांसाठी एवढंच : गर्थ वेल्डवर, म्हणजे पाइपभोवतीच्या गोल जोडावर, पाइपच्या अक्षाच्या दिशेने स्कॅन करताना वरची सगळी सपाट प्लेटची भूमिती चालते. लाँगिट्यूडिनल सीमवर, म्हणजे पाइपच्या लांबीच्या जोडावर, गोलाईने स्कॅन करताना चालत नाही. तिथे आतला व्यास भागिले बाहेरचा व्यास काढा. हा आकडा कोनाच्या साइनपेक्षा मोठा असेल तरच बीम आतल्या भिंतीला लागतो. २१९.१ व्यासाच्या, १२.७ जाडीच्या पाइपला तो ०.८८४ येतो. साठचा साइन ०.८६६, चालेल. सत्तरचा ०.९४०, म्हणजे तुमचा बीम रूटला न शिवता भिंतीच्या मधूनच वळसा घालून निघून जाईल, स्क्रीन स्वच्छ दिसेल, आणि तुम्ही ॲक्सेप्ट लिहाल. तापून त्र्याहत्तर झाला तर विचारूच नका. चुकीच्या रिजेक्टपेक्षा हे जास्त भीतीदायक, कारण कोणी खोदतच नाही.

आमच्या जॉइंटचं पुढे काय झालं : तिसऱ्यांदा खोदायला सांगताना मीच सकाळी उभा राहिलो. सोळापर्यंत भरलेलं काढलं, मग अर्धा अर्धा मिलिमीटर ग्राइंडर लावत गेला. सतराच्या पुढे राखाडी रंगाची बारीक रेघ दिसली, साधारण अठरा मिलिमीटर लांब. त्याने टोकदार हातोडीने टोचलं, काचेसारखा तुकडा उडाला. तो काही बोलला नाही. मीही नाही. हेल्पर मात्र म्हणाला, "म्हणजे मशीनला खरंच ऊन लागलं होतं ना जी?"

त्यानंतर मी रिपोर्टात तीन गोष्टी जास्त लिहितो : प्लेटचं तापमान, मोजलेला कोन, आणि मोजल्याची वेळ. क्लायंटच्या फॉरमॅटमध्ये त्यासाठी रकाना नाही, म्हणून शेऱ्यात लिहितो. दुपारी दोनची खोली आणि सकाळी सातची खोली जुळली नाही तर कोणती धरायची, हे पुढच्या माणसाला त्यावरून कळतं.